सुबाभूळ पचवणारा जंतू

सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने भरपूर, पण त्यातच मिमोसिन हे विषारी अमिनो आम्लही असते. शेळीच्या कोठीपोटात मिमोसिनपासून डीएचपी हे रसायन तयार होते आणि ते थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणते. बरेच दिवस फक्त हाच पाला खाणाऱ्या जनावराचे केस झडतात, लाळ गळते, गलगंड होतो, वजन उतरते. ऑस्ट्रेलियात या विषबाधेने पशुपालक हैराण होते. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन धडधाकट राहत. याचे कारण कोठीपोटातल्या जंतूंमध्ये असावे, असे ऑस्ट्रेलियाचे रेमंड जोन्स यांनी १९८१ मध्ये सुचवले. पुढे हवाईतल्या शेळ्यांचे जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले, तेव्हा तीही डीएचपी पचवू लागली. १९९२ मध्ये त्यांतल्या डीएचपी पचवणाऱ्या जंतूचे सिनर्जिस्टिस जोन्सिआय असे बारसे झाले, अर्थात जोन्स यांच्या नावावरून.

हा जंतू प्रयोगशाळेत वाढवणे जिकिरीचे. त्याला प्राणवायू चालत नाही, साखरेवर तो जगत नाही आणि कोठीपोटात तो संख्येने अगदी थोडा असतो. म्हणून शेळीच्या पोटात तो आहे का हे पाहताना जंतूऐवजी त्याचा डीएनए शोधतात. शेळीच्या तोंडावाटे नळी घालून कोठीपोटातला हिरवट, आंबूस रस काढतात. तो मलमलीच्या फडक्यातून गाळून लगेच थंड करतात. बारीक मण्यांबरोबर जोरात घुसळून जंतूंची कवचे फोडली, की डीएनए मोकळा होतो. वनस्पतींतले टॅनिनसारखे पदार्थ पुढची चाचणी बिघडवतात, त्यामुळे डीएनए नीट धुऊन घ्यावा लागतो. इथे घाई केली, तर जंतू असूनही तो नाही असा निकाल येतो.

यानंतर पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा वाढवण्याची चाचणी. सर्व जंतूंत असणाऱ्या, सुमारे १,५०० अक्षरांच्या १६-एस जनुकातला या जंतूचा खास तुकडा प्रायमर, म्हणजे त्याला जुळणारे डीएनएचे छोटे धागे, हेरतात. दर फेरीत तुकडे दुप्पट होतात. ३० फेऱ्यांनंतर, निदान हिशेबाने, एकाचे शंभर कोटींहून अधिक. तेवढ्यानेही भागले नाही, तर मिळालेला तुकडा आतल्या प्रायमरच्या दुसऱ्या जोडीने पुन्हा वाढवतात. सोबत नुसत्या पाण्याचा नमुनाही चालवतात. त्यात तुकडा दिसला, तर सगळी चाचणी रद्द.

या पद्धतीने हा जंतू हवाईबाहेर, अनेक देशांतल्या जनावरांत सापडला. काही ठिकाणी जनुकातली एखाददुसरी अक्षरे वेगळी असलेले त्याचे प्रकारही आढळले. पण जंतू सापडला म्हणजे विष पचले असे नव्हे. त्याची संख्या अपुरी असू शकते, किंवा तो प्रकार मंद काम करणारा असू शकतो. शिवाय यकृतही डीएचपी बांधून निरुपद्रवी करते, म्हणजे जनावर धडधाकट असण्याचे श्रेय जंतूचेच असेल असेही नाही. म्हणूनच केवळ पीसीआरच्या भरवशावर कळपाला सुबाभूळ मोकळी सोडणे चूक ठरेल. जोडीला लघवीची तपासणी हवी: फेरिक क्लोराइड टाकल्यावर डीएचपी असलेल्या लघवीचा रंग पालटतो.

महाराष्ट्रात १९७०च्या दशकापासून उरुळी कांचनच्या बायफ संस्थेने चारा आणि सरपणासाठी सुबाभळीचा प्रसार केला. आज अनेक शेळीपालकांच्या बांधावर ती उभी आहे. शेळीच्या एकूण चाऱ्यात तिचा पाला एक तृतीयांशाच्या आत ठेवावा आणि बाकी गवत, कडबा द्यावा, हा नेहमीचा सल्ला इथेही लागू पडतो.