फायनल, खरंच_फायनल आणि हरवलेला ‘ऱ्य’

चिंचोळी एमआयडीसीतली इंटर्नशिप असो की हॉस्टेलच्या खोलीत रात्री जागून चाललेला स्वतःचा पहिला फॉन्ट. लॅपटॉप बसला की महिन्यांची मेहनत एका मिनिटात जाते. ती जाऊ नये म्हणून काय करायचं?

तुमच्या डेस्कटॉपवर आत्ता काय काय पडलंय ते एकदा बघा. ‘देवनागरी_फायनल’, ‘देवनागरी_फायनल_२’, ‘फायनल_सरांचे_बदल’, ‘खरंच_फायनल’. चारही फायली एकाच लॅपटॉपवर, एकाच फोल्डरमध्ये. आणि कुणी विचारलं, तर आपण छाती फुगवून सांगतो, ‘आहे ना बॅकअप!’ लॅपटॉपवर चहा सांडला, तो एसटीत राहिला किंवा हार्ड डिस्कनं मान टाकली की हे चारही ‘फायनल’ एकदमच जातात.

फॉन्ट करणाऱ्यांना हा फटका जास्त बसतो. पोस्टर गेलं तर दोन रात्री जागून पुन्हा करता येतं. देवनागरी फॉन्टचं तसं नाही. बाराखडी काढली म्हणजे काम संपलं असं होत नाही. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या, रफार, उकार असं करत करत आकड्यांची यादी सहज काही शेकड्यांत जाते. प्रत्येक आकृती हातानं घडवलेली असते. शिवाय कुठलं अक्षर कुठल्या अक्षराशेजारी किती जवळ बसेल, याचे नियम वेगळेच. एवढं सगळं डोक्यातून पुन्हा काढणं कुणालाच जमत नाही.

चादरीवरची अक्षरं

सोलापुरातून पुण्याकडे निघालं, केगावचं विद्यापीठ मागे टाकलं की पुढे मोहोळ तालुक्यात चिंचोळी एमआयडीसी लागते. इथं रसायनं बनतात, औषधांचा कच्चा माल बनतो, गाड्यांचे सुटे भाग बनतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ड्रमवर, गोणीवर, खोक्यावर आणि लेबलवर अक्षरं असतात. ती कुणीतरी स्क्रीनवर बसवलेली असतात आणि त्याची एक फाइल कुठल्यातरी कॉम्प्युटरवर असते.

सोलापूरला अक्षरं जपण्याचा धडा तसा नवा नाही. भौगोलिक मानांकन मिळवलेली आपली सोलापुरी चादर आठवा. तिच्या कडेला विणलेलं कंपनीचं नाव वाचतच आपण मोठे झालो. ते नाव विणायला मागावर जेकार्ड लागायचं. त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची लांबलचक माळ चढायची. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे ती भोकं ठरवायची. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जाकार यांनी १८०४ च्या सुमारास ही युक्ती आणली. पुढे १८३९ मध्ये लिऑन शहरात त्यांचंच एक चित्र रेशमात विणलं गेलं. त्यासाठी तब्बल २४ हजार कार्डं लागली.

आता विचार करा. चादर विकली गेली, जुनी झाली, फाटली तरी काही बिघडत नव्हतं. कार्डांची माळ नीट ठेवलेली असली की तेच नाव पुन्हा विणता यायचं. माळच उंदरांनी कुरतडली किंवा भिजली, तर चादर समोर असूनही धागे मोजत बसायची वेळ यायची. आज इलेक्ट्रॉनिक जेकार्डमध्ये कार्डांची जागा डिझाइनच्या फायलीनं घेतलीय. माळ निदान डोळ्यांना दिसायची. फाइल दिसत नाही, त्यामुळे ती जपायची आठवणही राहत नाही.

पंच, मातृका आणि खिळा

छापखान्यातली मंडळी तर याबाबतीत फारच हुशार होती. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. तिथली देखणी देवनागरी अक्षरं राणूजी रावजी आरू यांच्या हातची. त्या काळी आधी पोलादाच्या दांड्याच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचे. तो पंच. तो तांब्यावर ठोकला की अक्षराचा खोलगट साचा तयार व्हायचा. ती मातृका. मातृकेत शिशाचा मिश्रधातू ओतला की छपाईचे खिळे मिळायचे.

खिळे झिजले तर मातृकेतून नवे ओतायचे. मातृका खराब झाली तर पंच पुन्हा ठोकायचा. पंचच गेला तर मात्र कोरणाऱ्या हातांनाच पुन्हा कामाला बसवावं लागायचं, आणि ते हात हयात असले तरच. म्हणून पंच जपून ठेवायचे.

आपल्याकडची टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल हा खिळा आहे. मित्राला पाठवायला आणि प्रेसला द्यायला तयार. आपला पंच वेगळा असतो. ग्लिफ्स, फॉन्टलॅब किंवा फुकट मिळणारं फॉन्टफोर्ज यापैकी जे वापरत असाल, त्याची कामाची फाइल म्हणजे पंच. बारीक आणि ठळक वजनांची मूळ रेखाटनं, मार्गरेषा, मागच्या थरावर ठेवलेलं स्केच, सुटे ठेवलेले तुकडे, नियमांशेजारी स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा हे सगळं तिच्यात असतं. फॉन्ट एक्सपोर्ट करताना यातलं बरंचसं गळून जातं किंवा एकजीव होतं. टीटीएफ पुन्हा उघडून दुरुस्त करता येते, हे खरं. पण ते चादर बघून कार्डं पाडण्यासारखंच काम आहे.

तीन आठवड्यांचं भगदाड

समजा, तुमचा लॅपटॉप सबमिशनच्या आधी बंद पडला. तीन आठवड्यांपूर्वी सरांना मेल केलेली टीटीएफ मिळाली. जीव भांड्यात पडला. उघडून टाइप केलं, ‘सह्याद्रीच्या दऱ्या’. स्क्रीनवर आलं, ‘सह्याद्रीच्या दर्या’. डोंगरांच्या दऱ्यांचा एकदम समुद्र झाला! कारण मराठीचा तो खास अर्धा र तुम्ही मागच्याच आठवड्यात बसवला होता. हिंदी मजकुरात तो सहसा लागतच नाही, म्हणून आधी राहून गेला होता. मराठी वळणाचे ल आणि श, ‘ऑफिस’मधला ऑ, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ हे सगळंही त्याच तीन आठवड्यांतलं. गेलं.

बॅकअपचं खरं मोजमाप इथं कळतं. शेवटची प्रत जितकी जुनी, तितकं काम पुन्हा करायचं. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा, ‘किती दिवसांचं काम गेलं तर मला परवडेल?’ उत्तर ‘एक दिवस’ असेल तर प्रत रोज काढावी लागेल. उगाच महिन्याअखेरीची वाट बघू नका.

ड्राइव्हवर आहे की राव!

‘माझं सगळं गुगल ड्राइव्हवर सिंक असतं,’ असं बरेच जण सांगतात. चांगलंच आहे, पण सिंक म्हणजे आरसा. लॅपटॉपवर फाइल चुकून डिलीट झाली की आरशातूनही जाते. ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. बिघडलेली फाइल सेव्ह झाली तर वर चढते ती बिघडलेलीच.

पेन ड्राइव्ह ही फाइल इकडून तिकडे नेण्याची वस्तू आहे. वर्षानुवर्षं काम साठवायची ती जागा नाही. ती हरवते, झेरॉक्सच्या दुकानातून व्हायरस घेऊन येते आणि सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तापत पडते. व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवून ठेवलेली फाइलही फोन बदलला की सापडेल याचा भरवसा नाही.

मग करायचं काय? पीटर क्रोघ या छायाचित्रकारानं सांगितलेला एक साधा नियम जगभर वापरला जातो. तीन-दोन-एक. कामाच्या एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या जागी. आपल्या भाषेत सांगायचं तर एक लॅपटॉपवर, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. हार्ड डिस्क कॉपी झाली की काढून ठेवा. ती कायम जोडलेली असेल, तर लॅपटॉपमध्ये शिरलेला व्हायरस तिलाही खातो. हॉस्टेलवर राहत असाल तर गावाकडे जाताना एक प्रत घरी नेऊन ठेवा. आग, पाणी, चोरी यांपैकी काहीही झालं तरी दोन गावांत एकाच दिवशी होत नाही.

जागा पुरत नाही ही सबब इथं चालणार नाही. फॉन्टची कामाची फाइल बहुतेक वेळा काही एमबीचीच असते. फोनवर काढलेला लग्नाच्या वरातीचा व्हिडिओ तिच्यापेक्षा कितीतरी मोठा.

‘फायनल_२’ला सुट्टी

फायलींच्या नावांचा गोंधळ संपवायचा असेल तर गिट शिकून घ्या. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये प्रोग्रामरसाठी केलेलं हे साधन टाइप डिझायनरनाही फार कामाचं आहे. प्रत्येक टप्प्याला ‘आज ऱ्य बसवला’ अशी एक ओळ लिहून नोंद करायची. मग कुठल्याही दिवशीच्या अवस्थेत परत जाता येतं. फॉन्टची फाइल यूएफओ या खुल्या स्वरूपात ठेवली तर आणखी सोपं, कारण त्यात प्रत्येक अक्षराची वेगळी छोटी मजकुरी फाइल असते. काल नेमकं कुठलं अक्षर बदललं ते लगेच दिसतं. उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी ही फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते. फक्त एक लक्षात ठेवा. नोंद केली म्हणजे ती अजून तुमच्याच लॅपटॉपवर आहे. गिटहबसारख्या ठिकाणी ती ढकलल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नका. खासगी खातं तिथं फुकट मिळतं.

हे कसं दिसतं ते बघायचं असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट शोधा. खुल्या परवान्याखाली दिलेल्या या फॉन्टच्या कामाच्या फायलीही गिटहबवर ठेवलेल्या आहेत. म्हणजे खिळ्यांसोबत पंचही सगळ्यांसाठी खुले. डाउनलोड करा, उघडा, फोल्डर कसे लावलेत ते बघा. फुकटची शिकवणीच आहे ती.

इंटर्नशिपला असाल तर मात्र थांबा. कारखान्यासाठी केलेलं लेबल किंवा विणायचं नाव ही कंपनीची मालमत्ता असू शकते. न विचारता ते स्वतःच्या ड्राइव्हवर चढवू नका. पहिल्याच आठवड्यात साहेबांना विचारा, ‘सर, डिझाइनच्या फायलींचा बॅकअप कुठे ठेवायचा?’ कदाचित हा प्रश्न तिथं पहिल्यांदाच कुणीतरी विचारत असेल. तुमची किंमत वाढेलच.

उघडून बघितलं का?

आता एक खरी गोष्ट. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’चं काम सुरू होतं. कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जायला लागल्या. लोक म्हणाले, बॅकअप आहे की! बघितलं तर बॅकअप बरेच दिवस नीट होतच नव्हता, आणि ते कुणी तपासलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी वाचवलं ते एका घरगुती कॉम्प्युटरनं. गॅलिन सुस्मन या तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्याकडे चित्रपटाची प्रत निघाली. दुसऱ्या जागी असलेली एक प्रत!

यातून घ्यायचा धडा सोपा आहे. परत उघडून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नका. महिन्यातून एकदा मित्राच्या कॉम्प्युटरवर तुमची प्रत उतरवा. कामाची फाइल उघडतेय का बघा. तिच्यातून फॉन्ट एक्सपोर्ट करा आणि त्यात एक ओळ टाइप करा, ‘दुसऱ्या तऱ्हेचं ज्ञान, कृष्णाचा ट्रॅक्टर आणि श्रीधरचं ऑफिस’. ऱ्य, ऱ्ह, ज्ञ, ष्ण, ट्र, क्ट, श्र, ऑ सगळे हजर असले तर निवांत झोपा.

सोबत एक छोटी मजकुरी फाइलही ठेवा. फॉन्टचं नाव, कुणी काढला, कुठल्या सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती, कुठवर काम झालंय आणि काय उरलंय. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी मराठी फाइल उघडल्यावर दिसणारी चित्रविचित्र चिन्हं तुम्ही पाहिलीच असतील. मजकूर तिथंच असतो, वाचायची किल्ली मात्र हरवलेली असते. तुमच्या फाइलची किल्ली तुम्हीच लिहून ठेवा.

हे सगळं एका दिवसात करायची गरज नाही. आज रात्री एवढंच करा. कामाची फाइल शोधा, तिच्या नावात आजची तारीख घाला, एक प्रत क्लाउडवर चढवा आणि एक हार्ड डिस्कवर टाका. अर्ध्या तासाचं काम आहे. मग खुशाल पुढचं जोडाक्षर काढायला बसा.