वाटणी जमिनीची आणि मानाची

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या जुन्या घराण्यांच्या दफ्तरांतून जी साधने उजेडात आणली, आणि त्यांच्यामागून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘शिवचरित्र साहित्य’ या मालेतून जे शेकडो कागद छापले, ते शिवकालाच्या ओढीने प्रथमच उघडणाऱ्या वाचकाच्या मनात बहुधा एक खंत उत्पन्न होते. त्याने अपेक्षिलेली असतात रणे आणि राजकारणे; हाती येतात ते महजर (सभेचे निवाडे), करीने (पक्षकारांच्या कैफियती), कतबे (कबुलीपत्रे) आणि वाटणीपत्रे. अमक्या गावची पाटीलकी थोरल्या घरची की धाकट्या घरची, होळीची पोळी प्रथम कोणाची, टिळा आधी कोणाला लावावयाचा, याच प्रश्नांभोवती पिढ्यान्‌पिढ्या फिरणारे हे तंटे वाचून मराठ्यांना भाऊबंदकीचा शापच होता, असा उद्वेगाचा निष्कर्ष काढून तो ग्रंथ मिटतो. हा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. या कागदांतील माणसे क्षुद्र गोष्टींसाठी भांडत नव्हती. ज्या व्यवस्थेत वारसा हा मृताच्या इच्छेवर किंवा सरकारी नोंदवहीवर अवलंबून नव्हता, त्या व्यवस्थेत आपला हक्क जिवंत ठेवण्याचे जे एकमेव साधन त्यांच्या हाती होते, ते राखण्यासाठी ती भांडत होती.

या सर्व कागदांत शेतकऱ्याचे मृत्युपत्र आढळत नाही, असे म्हटले तरी चालेल. त्याच सतराव्या शतकात इंग्लंडातील खेड्यात मरणासन्न शेतकरी गावच्या लिहित्या माणसास अंथरुणापाशी बोलावून घेई आणि आत्मा देवाला, शेत थोरल्या मुलाला, गाय मुलीला, चुलीजवळची खोली विधवेला, असे आपले अखेरचे मनोगत लिहून ठेवी. जमीन अशा रीतीने देण्याची मोकळीक तेथे 1540 च्या कायद्याने बव्हंशी मिळालेली होती. मुसलमानी धर्मशास्त्रातही वसीयत आहे, मात्र तिला मालमत्तेच्या एक तृतीयांशाची मर्यादा आहे. परंतु भीमा-नीरेच्या खोऱ्यातील कुणब्याला मरतेसमयी असे काही लिहून ठेवण्याचे कारणच नव्हते, कारण जे द्यावयाचे ते त्याचे एकट्याचे नव्हते.

कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी मिताक्षरा टीका लिहिली, तिने वडिलार्जित मालमत्तेवर पुत्राचे स्वत्व जन्मतःच उत्पन्न होते हा सिद्धांत स्थिर केला. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या दायभागाने याच्या उलट, पित्याच्या मरणानंतरच पुत्राचा हक्क मानला. महाराष्ट्राने मात्र मिताक्षरेचा मार्ग धरला, आणि तिच्या सोबतीला सतराव्या शतकात नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख आला. नीलकंठाचे घराणे मूळ पैठणचे, काशीस स्थायिक झालेले. आणि दक्षिणेच्या आचाराचा संस्कार म्हणा किंवा त्याची स्वतःची उदारता म्हणा, त्याने वारसांच्या क्रमात बहिणीला स्थान दिले, आणि पतीची आज्ञा मिळालेली नसली तरी विधवेला आप्तांच्या अनुमतीने दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली. कुणब्याच्या ओसरीवर मयूख कोणी वाचीत नव्हते हे खरेच. तेथे जातीची रूढी आणि गोताची स्मृती हेच शास्त्र होते. पण मूळ कल्पना दोन्हीकडे एकच: बाप हा मालक नव्हे, एका न संपणाऱ्या कुळाचा तूर्तचा कारभारी होय. म्हणूनच मिरासपत्रांत आणि वतनाच्या सनदांत पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने, लेकराचे लेकरी, औलाद अफलाद अशा शब्दांच्या ओळी पुन्हा पुन्हा येतात.

या शेतकऱ्याची खरी दौलत म्हणजे मिरास. गावात दोन प्रकारचे कुणबी असत: जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेले मिरासदार, ज्यांना थळकरी असेही म्हणत, आणि बाहेरून येऊन कौलाने जमीन कसणारे उपरी. गावची जमीन थळांत वाटलेली असे आणि पुष्कळदा त्या थळाला मूळ घराण्याचेच नाव असे; ते कुळ नष्ट झाले की जमीन गतकुळ म्हणून गावाच्या हाती येई, पण नाव जुन्याचेच चालू राही. मोजणीचा हिशेब चावरांत आणि बिघ्यांत होई, आणि 120 बिघ्यांचा एक चावर. बाप गेल्यावर भावांनी एकत्र राहावे हा आदर्श होता. पण सुना आल्या, मुले वाढली, की तक्षिमा पडत. पाटील, कुलकर्णी आणि चार शेजारी यांच्या समक्ष काळी आणि बरड, जिराईत आणि बागाईत यांची प्रतवारी पाहून समसमान वाटे केले जात. विहीर तोडता येत नाही, म्हणून मोटेच्या पाळ्या ठरत; आंब्याचे झाड, खळे, गोठा, परसू यांचे वाटे निराळे. घरचे देव बहुधा थोरल्याकडे राहत आणि कुळधर्माला धाकट्यांनी तेथे जावे, अशी रीत होती. जमीन वाटली की तिचा सरकारसाराही वाटला जाई, आणि कर्जही. कोणताही वाटा निव्वळ लाभाचा नसे.

या व्यवहाराचे जे उदाहरण मला सर्वांत हृद्य वाटते, ते महाराष्ट्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे, पण वारशाच्या दृष्टीने त्याकडे क्वचितच पाहिले जाते. देहूच्या बोल्होबांचे घर कुणब्याचे. घरी शेती, दुकान, सावकारी आणि गावची महाजनकी. थोरला सावजी विरक्त वृत्तीचा होता, म्हणून प्रपंचाचा भार मधल्या तुकारामावर पडला; आईबाप गेले, 1630 च्या सुमारास दख्खनवर कोसळलेल्या भीषण दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूलही गेले. त्यानंतरची, संतचरित्रकार महीपतीने सांगितलेली कथा अशी की, कुळांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडवण्याचे तुकोबांनी ठरवले, तेव्हा प्रथम ती धाकट्या कान्होबाशी निम्मी निम्मी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याचीच तेवढी डोहात सोडली. चरित्रकार या प्रसंगात वैराग्य पाहतात आणि ते योग्यच आहे. पण त्या वैराग्याला देखील आधी वाटणी करावी लागली, कारण अविभक्त घरातील खते एकट्या तुकोबांची नव्हती. भावाचा वाटा बुडवण्याचा अधिकार संतालाही नव्हता. जगाच्या दृष्टीने सर्वस्व सोडायला निघालेला हा मनुष्य कुणब्याच्या घरातील न्याय किती काटेकोरपणे पाळतो, हे पाहून माझा त्याच्याविषयीचा आदर दुणावतो.

त्याच दुष्काळाने आणि त्यानंतरच्या स्वाऱ्यांनी वारशाचे दुसरे एक अंग उघडे पाडले. गावेच्या गावे ओस पडली. मिरासदार पोटासाठी परमुलखात गेले. परंतु मिरास ही गेल्याने जात नसे. एखाद्याचा मुलगा किंवा नातू कित्येक वर्षांनी परत येऊन आपले थळ मागू लागला आणि गोताने त्याचे कूळ ओळखले, तर मधल्या काळात जमीन कसणाऱ्याला बाजूला व्हावे लागे, मग त्याने त्यात कितीही घाम गाळलेला असो. आता विचार करा: कागद बहुधा जळालेला, वाळवीने खाल्लेला किंवा लुटीत गेलेला, लिहिता-वाचता येणारे घर गावात एखाद-दुसरे, अशा स्थितीत हा मनुष्य अमक्याचाच नातू, आणि तो थोरल्या शाखेचाच, हे सिद्ध कशाने व्हावे?

मानपानाच्या तंट्यांचे मर्म या प्रश्नात आहे. जमिनीप्रमाणे पाटीलकीचे, कुलकर्णाचे, चौगुलकीचे वतनही वाटले जाई. इतकेच नव्हे तर सुतार, लोहार, न्हावी, महार यांची बलुती वतनेही भावांत विभागली जात आणि काम पाळीपाळीने चाले. उत्पन्नाचे तुकडे करता येत होते, अर्धी पाटीलकी विकताही येत होती. परंतु वडीलकी दोघांत वाटता येत नाही. गावात पहिला टिळा-विडा एकालाच, होळीत पहिली पोळी एकाचीच, पोळ्याला वेशीतून पुढे जाणारा बैल एकाचाच, दसऱ्याला आपट्याची पूजा प्रथम एकाकडूनच, आणि गावच्या कागदावर नांगराची निशाणी करणारा हातही आधी एकाचाच. वरवर पाहता हा डामडौल. पण वर्षातून ठरलेल्या दिवशी, सगळी पांढरी जमलेली असताना, बारा बलुत्यांच्या डोळ्यांसमोर हा क्रम पुन्हा एकदा पाळला गेला, की त्या घराचे ज्येष्ठत्व पुन्हा एकदा नोंदले जाई. ज्याने एक वर्ष आपला बैल मागे ठेवण्यास मान्यता दिली, त्याच्या नातवाला पुढे महजरात हे ऐकावे लागे की, तुझा आजा मागून चालला होता हे आम्ही पाहिले आहे. मान हेच दस्तऐवज होते. आणि दस्तऐवज कोणी फाडू पाहील तर गप्प बसणारा माणूस त्या काळी सज्जन नव्हे, निष्काळजी ठरला असता.

तंटा उभा राहिला की तो गोतसभेपुढे जाई. वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याचा राजीनामा लिहून देत, आपापले करीने सांगत, मग शेजारच्या गावचे पाटील, देशमुख, देशपांडे, बलुतेदार अशी हाजीरमजालस बसे. महजराखाली साक्षीदारांची नावे आणि त्यांच्या धंद्याच्या निशाण्या येत: पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याची आरसी, परटाची मोगरी, महाराचा दोर. ज्या न्यायसभेत गावकुसाबाहेर राहणाऱ्याची साक्ष वतनाच्या निवाड्यास आवश्यक ठरे, त्याच समाजाने त्याला एरवी कसे वागवले, हा विरोध हे कागद वाचताना मनाला बोचल्यावाचून राहत नाही. साक्षीने निकाल लागला नाही तर दिव्य: उकळत्या तुपातून धातूचा रवा हाताने काढावयाचा, हातावर पिशवी बांधून मोहर करावयाची आणि तिसऱ्या दिवशी हात पाहावयाचा. जिंकणारा दिवाणात हरकी भरी आणि हरणारा गुन्हेगारी. हरणाऱ्याने प्रतिपक्षास यजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून द्यावे, ही पद्धत होती. सभेचा खर्च, हरकी आणि दिव्याचा धोका मिळून पुष्कळदा वतनाच्या उत्पन्नाहून अधिक भार पडे, तरी लोक तो उचलीत.

ही दृष्टी राजघराण्यालाही सुटलेली नव्हती. शहाजीराजे 1664 मध्ये वारले. त्यानंतर तेरा वर्षांनी, 1677 च्या कर्नाटक स्वारीत, सिंहासनाधीश्वर झालेल्या शिवाजी महाराजांनी सावत्र बंधू व्यंकोजीराजांची कोल्लिडम नदीच्या परिसरात भेट घेतली आणि वडिलांच्या दौलतीतील अर्धा वाटा मागितला. महाराजांजवळ त्या वाट्याहून मोठे राज्य होते. पण पित्याचे दाय सोडून देणे म्हणजे त्या कुळातील आपला अंश सोडणे होय, हे देहूच्या कुणब्याला समजत होते तसेच रायगडालाही समजत होते. आणि 1659 मध्ये अफजलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे आपल्या पाच पुत्रांसह महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुत्रांना सोबत आणण्यात मला निष्ठेइतकेच न्यायाचेही भान दिसते, कारण जन्मस्वत्वाच्या नियमाने ते वतन एकट्या बापाने सोडून सुटले नसते.

या व्यवस्थेची काळी बाजू स्त्रीच्या वाट्याला आली, आणि ती झाकण्याचे काही कारण नाही. अविभक्त कुटुंबातील विधवेला अन्नवस्त्र. लेकीला लग्न आणि माहेरची चोळी-बांगडी. तिची म्हणावी अशी मालमत्ता म्हणजे अंगावरचे स्त्रीधन. कुणब्यांत पाट लावण्याची मोकळीक होती, म्हणून तिचे जन्माचे वैधव्य टळे खरे. परंतु पाट लावणारीला पहिल्या घरची मिरास आणि बहुधा मुलेही मागे सोडावी लागत, आणि दिवाण तिच्याकडून पाटदाम घेई तो निराळाच. गोमंतकात पोर्तुगीज अंमलाने 1526 च्या अफोंसो मेशियाच्या फोरालात, म्हणजे सनदेत, गावकरीच्या रूढी लिहून घेतल्या, त्यांतही मुलींना वारसा नव्हता. पुढे धर्मांतर केलेल्या बायका-मुलींना तो देऊ करण्यात आला, म्हणजे न्याय मिळाला तोही आमिष म्हणून. मयूखाने बहिणीला दिलेले स्थान व्यवहारात कामाला आले ते फार पुढे, मुंबईच्या न्यायालयांतून.

इंग्रजी अंमलात या सर्व रचनेचा पाया बदलला. 1830 नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यापासून नव्या पाहणीची व्यवस्था सुरू झाली आणि जमिनीचा हक्क खातेदाराच्या नावाच्या नोंदीवर उभा राहिला. मिरासदार आणि उपरी हा भेद हळूहळू निरर्थक झाला. 1870 च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टने मुंबई शहरातील हिंदूच्या मृत्युपत्राला कायद्याची चौकट दिली. 1874 च्या वतन कायद्याने पाटीलकीची कामगिरी कोणी करावी हे ठरवण्याचा अधिकार कलेक्टरच्या कचेरीकडे गेला, आणि 1962 च्या कायद्याने महाराष्ट्रात मुलकी पाटलाचे पदच संपले. मानपानाचे दावे त्यानंतरही दिवाणी न्यायालयात येत राहिले. तेथे कायदा असा ठरला होता की, हुद्द्याशी किंवा मालमत्तेशी निगडित नसलेला निव्वळ मान हा दिवाणी हक्क नव्हे आणि त्याबद्दल दावा चालत नाही. त्यामुळे ज्या क्रमावरून तीन शतकांपूर्वी गोताने कोणते घर थोरले हे निश्चित केले असते, तो पुराव्यासह सादर करणाऱ्या वादीला आपले कागद घेऊन परत जावे लागे. आणि त्यांपैकीच काही कागद पुढे संशोधकांच्या हाती लागून छापले गेले.