पोलादी बंपर कोणाला वाचवतो?

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या मालमोटारींची चित्रे तुम्ही पाहिली असतील. त्यांतील काही मालमोटारींच्या तोंडाशी एक भलामोठा, चकाकणारा पोलादी बंपर दिसतो. त्याच्यावर जाड नळ्यांची उभी जाळीही असते. हा बंपर कारखान्यातून आलेला नसतो. मूळचा हलका बंपर काढून मालकाने तो मुद्दाम बसवून घेतलेला असतो. तेथील लहान, उघड्या हौद्याच्या पिकअप गाड्यांनाही असे बंपर लावण्याची पुष्कळांना हौस असते. एवढा खर्च कशासाठी? याचे एक मोठे कारण म्हणजे रस्त्यात आडवी येणारी हरणे!

हा काही विनोद नव्हे. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २००८ साली तेथील संसदेला एक अहवाल सादर केला. त्या देशात वाहने आणि मोठे प्राणी यांच्या वर्षाला १० ते २० लाख टकरी होतात, असा अंदाज त्यात दिला होता. यांतील बहुतेक टकरी हरणांशी होतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील हरणांच्या मीलनाचा काळ. या दिवसांत नर माद्यांच्या मागे सैरावैरा धावतात आणि टकरींची संख्या वाढते. पहाट आणि संध्याकाळ या वेळा अधिक धोक्याच्या. हरणे तेव्हाच चरायला बाहेर पडतात आणि चालकाला तेव्हाच नीट दिसत नाही.

मग पोलादी बंपर लावला म्हणजे प्रश्न सुटला का? तो नेमका कोणाला वाचवतो? चालकाला, गाडीला की हरणाला? चला, आपण शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राच्या आधारे याचे उत्तर शोधू.

आगगाडीपासून सुरुवात

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आगगाडी सुरू झाली तेव्हा लोहमार्गांना कुंपण नसे. गुरे रुळांवर येत. जनावर चाकांखाली सापडले तर इंजीन रुळांवरून घसरण्याची भीती असे. म्हणून इंजिनाच्या पुढे पाचरीच्या आकाराची उतरती जाळी बसवण्यात आली. तिचे नावच 'काऊकॅचर', म्हणजे 'गाय पकडणारा' असे पडले. खरे तर ती गाय पकडत नसे, बाजूला ढकलत असे. तिरप्या पृष्ठभागामुळे बलाचा काही भाग बाजूकडे लागतो आणि जनावर रुळाबाहेर फेकले जाते. त्यात जनावर वाचावे हा उद्देश नव्हता, गाडी वाचावी हा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

वही आणि पेन्सिल घ्या

समजा, मालाने भरलेली ३६,००० किलोग्रॅमची मालमोटार ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने चालली आहे. (अमेरिकेत भरलेल्या मालमोटारीला साधारणपणे एवढ्याच वजनाची मुभा असते.) समोर ७० किलोग्रॅमचे हरीण उभे आहे. टकरीनंतर क्षणभर दोघे एकाच वेगाने पुढे जातात असे धरू.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. मालमोटारीचा संवेग ३६,००० × २५ = ९,००,०००. हरणाचा शून्य. टकरीत एकूण संवेग बदलत नाही. म्हणून नंतरचा वेग ९,००,००० ÷ ३६,०७० = सेकंदाला २४.९५ मीटर. म्हणजे मालमोटारीचा वेग ताशी जेमतेम पाव किलोमीटरनेसुद्धा कमी झाला नाही! चालकाला धक्का जाणवेल, पण इजा होण्याचे काही कारण नाही.

हीच टक्कर २,५०० किलोग्रॅमच्या पिकअप गाडीशी झाली तर? गणित करून पाहा. तिचा वेग ताशी सुमारे अडीच किलोमीटरने घटतो. हाही फार मोठा धक्का नव्हे.

आता हरणाकडे वळू. त्याचा वेग शून्यावरून एकदम सेकंदाला २५ मीटर होतो. हे होताना हरणाचे शरीर आणि गाडीचा पुढचा पत्रा मिळून २५ सेंटिमीटर दबतात असे समजा. एवढ्या अंतरासाठी ०.०२ सेकंद लागतो. मग सरासरी बल = ७० × २५ ÷ ०.०२ = ८७,५०० न्यूटन. म्हणजे जवळजवळ ९ टन वजनाएवढे! या टकरीत सुमारे २२,००० ज्यूल ऊर्जा शरीर आणि धातू चिरडण्यात खर्च होते. तेच हरीण सुमारे ३२ मीटर, म्हणजे दहामजली इमारतीएवढ्या उंचीवरून जमिनीवर पडले तर जो आघात होईल, तेवढा हा आघात आहे. हरीण वाचणे शक्य नाही.

आणि न्यूटनचा तिसरा नियम काय सांगतो? हरणावर जेवढे बल, तेवढेच गाडीवर, उलट दिशेने. ३६ टनांच्या मालमोटारीला ते हलवू शकत नाही, हे खरे. पण ते सगळ्या मालमोटारीवर सारखे पसरत नाही. ते पडते तिच्या तोंडावर. आणि या अजस्र वाहनाचा सर्वांत नाजूक भाग नेमका तेथेच असतो.

खरा नाजूक अवयव

मालमोटारीच्या पुढच्या जाळीमागे काय असते? रेडिएटर! इंजिनाची उष्णता वाहून आणणारे पाणी त्याच्या पातळ नळ्यांतून फिरते. त्या नळ्यांना कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. उष्णता हवेला चटकन देता यावी म्हणून हे सारे पातळ ठेवावेच लागते. हरणाच्या धक्क्याने बंपर आणि जाळी मागे दबली, की रेडिएटर फुटतो, पाणी वाहून जाते आणि इंजीन काही मिनिटांत तापून बंद पडण्याच्या बेतास येते. जवळचे गाव शंभर किलोमीटरवर, रात्रीची वेळ, थंडीने पारा शून्याच्या बराच खाली. अशा ठिकाणी अडकणे म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च नव्हे, जिवावरचा प्रसंग असू शकतो.

पोलादी बंपर येथे कामाला येतो. तो मजबूत आधारांनी मालमोटारीच्या चासीच्या दोन लांब तुळयांना जोडलेला असतो. त्यामुळे धक्क्याचे बल रेडिएटरला चुकवून थेट तुळयांकडे जाते. ९ टनांचे बल सोसणे त्यांना जड नसते.

शिवाय जाडीचाही मोठा उपयोग होतो. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २ मिलिमीटर पत्र्याऐवजी ६ मिलिमीटर पत्रा घेतला तर वजन तिप्पट होते, पण ताठरपणा ३ × ३ × ३ = २७ पट होतो! आकाराने काय फरक पडतो, हे तर तुम्ही घरीच पाहू शकाल. दोन पुस्तकांवर एक पोस्टकार्ड आडवे ठेवा आणि मध्ये नाणी ठेवत जा. थोड्याच नाण्यांत ते वाकेल. आता त्याच्या दोन्ही लांब कडा वर दुमडून पन्हळीसारखा आकार द्या आणि पुन्हा नाणी ठेवा. किती नाणी जास्त मावली ते मोजा. बंपरच्या कडा दुमडलेल्या का असतात, हे मग सांगावे लागणार नाही.

पण हाच बंपर घातकही होतो

मालमोटारीला जे उपयोगी, ते लहान गाडीलाही उपयोगी असेलच असे नाही. कारणे तीन आहेत.

पहिले कारण वजन. समजा, पिकअपच्या पुढच्या आसाच्या १ मीटर पुढे १२० किलोग्रॅमचा बंपर बसवला. पुढच्या आणि मागच्या आसांत ३.६ मीटर अंतर आहे. येथे तरफेचा नियम लावा. पुढचा आस हा टेकू. बंपरच्या भाराने मागचा आस सुमारे ३३ किलोग्रॅमने हलका होतो आणि पुढच्या आसावर १२० नव्हे, १५३ किलोग्रॅम भार वाढतो. पुढच्या स्प्रिंगा दबतात, टायर लवकर झिजतात आणि मोकळ्या गाडीच्या मागच्या चाकांची पकड कमी होते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बेला बारेनी या अभियंत्याने १९५१ साली एका कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोटारीतील माणसांची जागा भक्कम ठेवावी, पण पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करावा, अशी ती कल्पना. १९५९ मध्ये मर्सिडीज-बेंझने त्याप्रमाणे बनवलेली मोटार बाजारात आणली. याचा फायदा पाहा. सेकंदाला १५ मीटर वेगाची गाडी भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चुरगळला, तर आतल्या माणसाला गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १९ पट धक्का बसतो. तोच भाग ताठ असल्यामुळे ३० सेंटिमीटरच चुरगळला तर धक्का ३८ पट! अंतर निम्मे, धक्का दुप्पट. शिवाय हवेची पिशवी केव्हा फुगावी हे ठरवणारी यंत्रणा मूळच्या बंपरला धरून जुळवलेली असते. बंपर बदलला तर हे गणित बिघडू शकते.

आता गंमत ध्यानात आली का? हरणाशी टक्कर झाली तर गाडीचा वेग ताशी अडीच किलोमीटरच कमी होतो. तेथे चुरगळण्याची गरजच नसते, म्हणून ताठ बंपर चांगला. भिंतीशी किंवा दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली तर सगळा वेग नाहीसा होतो. तेथे चुरगळणे हेच जीवदान असते, म्हणून ताठ बंपर वाईट. बंपर एकच, पण एका टकरीत मित्र आणि दुसरीत शत्रू!

तिसरे कारण म्हणजे पायी चालणारा माणूस. पोलादी नळ्या लहान मुलाच्या डोक्याच्या किंवा छातीच्या उंचीवर येतात. हरणावर जे बल पडते, तसेच त्यांच्यावरही पडते. म्हणून युरोपीय संघाने २००५ साली अशा जाळ्यांसाठी कडक सुरक्षा चाचण्या लागू केल्या. भारतातही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये गाड्यांवरील क्रॅश गार्ड व बुल बार यांच्यावर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ विरुद्ध केलेला हा बदल आहे, असे त्यामागचे कारण होते.

उंटासारखा उंच मूस

सगळेच प्राणी बंपरच्या उंचीचे नसतात. कॅनडा, अलास्का आणि स्वीडन येथे मूस नावाचे अवाढव्य हरीण आढळते. मोठ्या नराची खांद्यापाशी उंची सुमारे २ मीटर आणि वजन ४०० किलोग्रॅमहून अधिक असते. त्याचे पाय इतके लांब, की मोटारीचा बंपर पोटाखालीच राहतो. बंपर पाय उडवतो आणि धड सरळ समोरच्या काचेवर येते. येथे बंपर कितीही जाड असला तरी व्यर्थ! मालमोटारीचे नाक उंच असल्याने तिला उंच जाळीचा उपयोग होतो, मोटारीला नाही. म्हणूनच स्वीडनमध्ये मोटारींच्या काचेभोवतीचे खांब आणि छप्पर मजबूत करण्यावर भर दिला गेला. तेथील मॅग्नस गेन्स यांनी २००१ साली रबरी चकत्यांचा एक कृत्रिम मूस तयार केला. त्यावर मोटारी आदळून त्यांची परीक्षा घेता येते. लोकांना आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे 'इग नोबेल' पारितोषिक २०२२ मध्ये त्यांना मिळाले.

टक्करच टाळली तर?

ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला हरीण दिसले. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी ३७ मीटर पुढे गेली. नंतर ब्रेकने वेग सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद या दराने घटतो असे धरले, तर थांबायला आणखी ७८ मीटर लागतात. एकूण ११५ मीटर! खाली वळवलेल्या दिव्यांचा उजेड याच्या निम्म्यापर्यंतही धड पोचत नाही. वेग ताशी ६० किलोमीटर ठेवला तर हेच अंतर सुमारे ६० मीटर होते. शिवाय टक्कर झालीच तर ऊर्जा निम्म्याहून कमी असते. अशा वेळी चाक एकदम वळवणेही धोक्याचे. मालाने भरलेल्या मालमोटारीचा गुरुत्वमध्य उंच असल्याने ती उलटू शकते.

याहून चांगला उपाय म्हणजे प्राण्यांना वेगळी वाट देणे. कॅनडातील बान्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण घातले आणि प्राण्यांसाठी पूल व भुयारी मार्ग बांधले. तेथील वन्यप्राण्यांच्या टकरी ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. आपल्याकडेही पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी उंच पूल बांधले आहेत. वर वाहने धावतात आणि खालून चितळ, रानडुकरे आणि वाघसुद्धा जातात. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी त्यांची छायाचित्रे टिपली आहेत.

तर मग आपल्या प्रश्नाचे उत्तर काय? निर्जन रस्त्यावरील जड मालमोटारीचा रेडिएटर पोलादी बंपर वाचवतो आणि त्यामुळे चालकाला रानात अडकू देत नाही. हे काम लहान नाही. पण लहान गाडीतील माणसांना तो वाचवतोच असे नाही, पादचाऱ्याला तो घातक ठरतो आणि हरणाला तर काऊकॅचरच्या काळाप्रमाणे आजही वाचवत नाही. हरणाला वाचवतात कमी वेग, कुंपण आणि पूल.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. समजा, १२,००० किलोग्रॅमची एस.टी. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाताना २०० किलोग्रॅमच्या रोहीला, म्हणजे नीलगाईला धडकली. एस.टी.चा वेग किती घटेल? उत्तर ताशी सुमारे १.२ किलोमीटर यायला हवे. हेच गणित ताशी ३६ किलोमीटर वेगासाठी करा आणि दोन्ही वेळी किती ऊर्जा चिरडण्यात खर्च होते, त्याची तुलना करा. रानातून जाणाऱ्या रस्त्यावर 'वेग कमी करा' अशी पाटी का असते, ते तुमच्या वहीतच दिसेल.