कुलपाची परीक्षा

अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनाबाहेर किल्ल्या करून देणारा कारागीर आपण पाहिला असेल. घराची किल्ली हरवली, की आपण त्याला बोलावतो आणि तो आपलेच कुलूप आपल्यादेखत उघडून देतो. हीच विद्या चोरालाही येते. मग दोघांत फरक कोणता? एवढाच, की याला घरमालकाने बोलावलेले असते!

संगणकांनाही असे कारागीर लागतात. एटीएममधून आपण पैसे मागतो, तेव्हा ते यंत्र बँकेला विचारते, ‘देऊ का?’ ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बाबतीत हल्लेखोरांनी हा प्रश्न वाटेतच अडवला आणि परस्पर ‘द्या’ असे उत्तर धाडले. २८ देशांतून पैसे निघाले. दोन दिवसांनी आणखी रक्कम परदेशी वळवली गेली. एकंदर सुमारे ९४ कोटी रुपये गेले. असले दार चोराच्या आधी आपल्या माणसाने ढकलून पाहिलेले बरे, नाही का?

तेव्हा बोरिवली-मुलुंडकडचा एखादा विद्यार्थी हल्ल्याची हत्यारे घडवण्यास शिकत असेल, तर भिण्याचे कारण नाही. मात्र हत्याराबरोबर त्याचा लगामही घडवावा लागतो.

अमेरिकेतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याची गोष्ट पाहा. संगणकांच्या जाळ्याचे संरक्षण किती तोकडे आहे, हे दाखवावे म्हणून नोव्हेंबर १९८८ मध्ये त्याने एक प्रोग्रॅम सोडला. तो यंत्रात शिरताना, ‘माझी प्रत आधीच आहे काय?’ असे विचारी. पण ‘आहे’ असे उत्तर आले, तरी सातांतून एकदा पुन्हा ठाण मांडीच. प्रतींवर प्रती साचल्या आणि हजारो यंत्रे ठप्प झाली. आवरण्याचा उपाय हाताशी नव्हता. १९९० मध्ये न्यायालयाने त्याला दंड आणि ४०० तासांची समाजसेवा अशी शिक्षा दिली, शिवाय तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले.

यातून शिकावयाचे ते असे. सराव स्वतःच्या, जाळ्यापासून तोडलेल्या यंत्रावर करावा. हत्यार आपोआप पसरणारे नसावे. ठरलेल्या यंत्राबाहेर ते चालू नये आणि एका आज्ञेसरशी थांबावे. केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवावी. दुसऱ्याचे यंत्र तपासावयाचे, तर मालकाची लेखी परवानगी आधी घ्यावी. तोंडी ‘हो’वर विसंबू नये. दोष सापडलाच तर तो चारचौघांत मिरवू नये. मालकाला कळवावा, किंवा केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेला.

कायदाही हेच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ प्रमाणे परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास भरपाई द्यावी लागते. तेच लबाडीने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

किल्लीवाल्याची अब्रू त्याच्या बोटांच्या कसबावर नसते. न बोलावता तो कुणाच्या दाराशी जात नाही, यावर असते. आपल्या मुलांना कसब शिकवू या, आणि त्याबरोबर हेही शिकवू या.