पिसं झडली म्हणजे कोंबडी आजारीच?

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पनवेलहून एक गावठी कोंबडी तळोज्याला आणली. आठवड्यात खुराड्यात पिसांचा खच पडला, अंडी बंद झाली. "आजारी दिसतेय, बाकीच्या चौघींनाही लागण होईल," अम्मी म्हणाल्या. आम्हीही तिला काढून टाकायला निघालो होतो.

मग नीट पाहिलं. पिसं डोक्या-मानेपासून, दोन्ही बाजूंनी सारखी झडत होती आणि त्या जागी नवे खुंट फुटत होते. दाणे ती आवडीनं टिपत होती. म्हणजे ही वर्षाची पीसगळ! दिवस लहान होऊ लागले की साधारण दीड वर्षाची कोंबडी जुनी पिसं टाकते. हे दोन-तीन महिने चालतं. पीस बहुतेक प्रथिनांचंच, म्हणून अंडी थांबतात. तेव्हा सुकट, शेंगदाण्याची पेंड द्यावी. कोवळे खुंट दुखतात, उगाच हाताळू नये.

आजारी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसते, खात नाही. हिरवट किंवा रक्ताची हगवण, श्वासाची घरघर, वाकडी मान, काळानिळा तुरा दिसला तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याजवळच्या उरण तालुक्यात, चिरनेरला बर्ड फ्लू आढळला होता. अशी कोंबडी घाईनं जबह करून हंडीत टाकू नये.

आमची चूक एकच झाली: नवी कोंबडी तीन-चार आठवडे वेगळी ठेवायला हवी होती. या वेळी निभावलं. आता ती नव्या पिसांत अंगणभर मिरवते.