वत्सगुल्मातला गुल्म

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात हे नाव आहे, आणि राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं लग्न लावलं तेही इथेच. गावात या नावामागे वत्स ऋषींची कथा सांगतात; ती खरी असो वा नसो, ‘गुल्म’ या शब्दाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एका बुडख्यातून अनेक खोडं फुटलेलं झाड म्हणजे गुल्म. बोन्सायवाले याच घडणीला जपानी भाषेत ‘काबुदाची’ म्हणतात. वाशिमात गच्चीवर कुणी पाच खोडांचं उंबर घडवत बसला, तर तो गावाचं नावच कुंडीत लावतो म्हणायचं.

झाड कुंडीत खुजं राखण्याची कला मात्र इथली नाही. चीनमध्ये इ.स. ७०६ मधल्या झांगहुआई राजपुत्राच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात, तबकात दगड आणि इवलीशी झाडं घेऊन निघालेले सेवक दिसतात. जपानमध्ये १३०९ च्या एका चित्रगुंडाळीत कुंडीतली झाडं आहेत. आपल्याकडे ‘वामनवृक्ष’ हा देखणा शब्द रुळला आणि त्याच्या आधाराने ही कला ऋषिमुनींची असल्याचं छातीठोकपणे सांगितलं जातं. शब्द सुंदर आहे, पण त्या भित्तिचित्राइतका ठोस पुरावा त्यामागे उभा करता येत नाही.

महाराष्ट्रात या छंदाला वळण मिळालं ते मुंबईत. इंडो-जपानी असोसिएशनच्या बोन्साय अभ्यासगटातून ज्योती आणि निकुंज पारेख या दांपत्याने हा छंद हौसेच्या पलीकडे नेला. पुस्तकं पाइन आणि मेपलची, हवा मात्र आपली. त्यावरचा तोडगा रस्त्याच्या कडेलाच उभा होता: वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक. पाणी चुकलं तरी तगणारी, मुळं छाटली तरी नव्याने धरणारी ही मंडळी. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांनी एकाच ठिकाणी ३,३३३ बोन्साय मांडले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. मुंबईतल्या अभ्यासगटापासून पुण्याच्या त्या मांडवापर्यंत हा छंद बराच पसरला होता.

या प्रवासात वाशिमचा उल्लेख कुठे येत नाही. अकोल्यातून फुटून १ जुलै १९९८ ला झालेला हा जिल्हा. त्याची ओळख सोयाबीन, तूर आणि संत्र्याची. पण कलम बांधणारा हात इथे बोन्सायच्या कितीतरी आधी तयार झाला होता. मंगरूळपीर-कारंजाकडच्या संत्र्याच्या बागा म्हणजे जंबेरीच्या खुंटावर भरलेले डोळे. वरूड-शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या खुंटाची साल चिरून त्यात डोळा बसवतात, पट्टीने बांधतात आणि डोळा फुटला की वरचा शेंडा उडवतात. ज्याने हे काम केलं, त्याला बोन्सायचं निम्मं तंत्र आधीच येतं.

उरलेलं निम्मं मात्र नेमकं उलटं आहे. संत्र्यात कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर वर राखतात, कारण माती लागली की डिंक्या रोग चढतो. जोड उघडा दिसला तरी बागवानाचं काही बिघडत नाही. बोन्सायमध्ये जोड दिसला की झाडाचं सोंग उघडं पडतं. बागवान तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ मोजतो. कुंडीवाला तेवढ्याच काळात एक व्रण बुजवण्याची वाट बघत असतो.

अनेक खोडांचं झाड घडवण्याची सोपी रीत अशी. वडाची किंवा नांद्रुकाची एकाच वयाची पाच-सात रोपं घ्यायची, त्यांची बुडं एकत्र आणून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधायची आणि मुळं चहूकडे पसरून लावायची. वरची खोडं मोकळी सोडायची. वडवर्गातली झाडं एकमेकांना घासली की साली जुळतात. वर्ष-दोन वर्षांत बुडखा एकजीव होतो. खोडांची संख्या विषम, त्यातलं एक सर्वांत जाड आणि उंच, बाकीची त्याच्या धाकात. सगळी सारख्या उंचीची राहिली तर ते झाड न दिसता खराटा दिसतो.

एखाद्या बाजूला फांदी नसेल तर आंब्या-चिकूची जुनं भेट कलम कामी येतं. खोडाची आणि जोडायच्या फांदीची साल खालच्या हिरव्या थरापर्यंत तासायची, थर थराला भिडवायचा आणि बांधायचं. वडाला चीक फार, तो पुसून मगच जुळवायचं. दुसरी युक्ती याहून धाडसी: खोडाला आरपार छिद्र पाडून त्याच झाडाची पानं काढलेली कोवळी फांदी त्यातून ओवायची. ती जाड होत जाते, छिद्रात आवळली जाते आणि खोडात मुरते. जोड पक्का झाला की मागची बाजू कापायची. पारंब्या हव्या असतील तर कोवळी पारंबी ओल्या शेवाळाने भरलेल्या नळीतून मातीत उतरवतात.

पारंबीचं महत्त्व शिबपूरच्या वडाने जगाला दाखवलं. कोलकात्याजवळच्या त्या झाडाला बुरशी लागली आणि १९२५ मध्ये त्याचं मूळ खोड काढून टाकावं लागलं. तरीही झाड हजारो पारंब्यांवर आजही पसरतंच आहे. कुंडीतल्या अनेक खोडांच्या वडामागे हीच शक्ती काम करते, फक्त वीत-दीड वीत उंचीत.

वाशिमला अडतं ते मातीशी. काळी कसदार जमीन शेतात सोनं पिकवते, पण उथळ कुंडीत ओली झाली की चिखल आणि वाळली की दगड. मुळं आधी कुजतात, मग चिरडतात. म्हणून विटांचे तुकडे, जाड रेती, थोडं कुजलेलं शेणखत. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की दिवसातून दोनदा पाणी आणि वरून हिरवी जाळी. छाटणी-कलमांचं काम मृग लागल्यावर. पण तेव्हाच झाड इतकं वेगाने वाढतं की फांद्या वळवायला गुंडाळलेली तार काही आठवड्यांत सालीत रुतते. रोज डोकावणाऱ्यालाच ती वेळेत उलगडता येते.

एवढी खटपट कशाला, असं हल्लीचं रोपवाटिकेचं दुकान विचारतं. बटाट्यासारख्या फुगीर मुळांवर टोपी घातल्यासारखी दिसणारी ‘जिनसेंग फायकस’ची कुंडी सहज मिळते. तीही कलमच: खाली नांद्रुकाची फुगलेली मुळं, वर बारीक पानांच्या वाणाचा शेंडा. जवळ जाऊन पाहिलं तर मुळांच्या वरच्या टोकाशी कलमाच्या गाठी स्पष्ट दिसतात आणि खालून मूळ जातीची मोठी पानं डोकावतात. घेतलीच, तर ती मोठी पानं दिसताक्षणी खुडायची. नाहीतर खालची जात दोन पावसाळ्यांत वरच्या शेंड्याला गिळून टाकते.