माळव्यातील छोटा ख्याल: लय, स्वर आणि भाव यांचा मागोवा

छोटा ख्याल ही हिंदुस्थानी कंठसंगीतातील आटोपशीर रचना. तिचे भाग दोन, स्थायी आणि अंतरा. शब्द मोजके, बहुधा ब्रज किंवा तिच्या जवळच्या बोलीतले. ताल प्रामुख्याने तीनताल वा एकताल, लय मध्य ते द्रुत. तीनतालाच्या १६ मात्रांत मुखडा पुष्कळदा नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, उचलला जातो आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येऊन पोचतो. मुखडा कुठून उठतो आणि समेला कसा भिडतो, यात बंदिशीची चाल ठरते.

स्वरांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली गायकाची पट्टी. षड्ज कोणत्या पट्टीत लावायचा हे ज्याच्या त्याच्या गळ्यावर अवलंबून असते; पुरुष काळी एक–काळी दोनच्या आसपास, तर स्त्रिया काळी चार–काळी पाचच्या आसपास गाताना आढळतात. पट्टी बदलली तरी राग बदलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रागाची स्वरयोजना आणि त्या स्वरांचे सप्तकातील वावरण्याचे क्षेत्र. भाव घडतो तो इथे. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत कोमल रिषभ व तीव्र मध्यम लागतो आणि पंचम वर्ज्य असतो. तरी मारव्यात संध्याकाळची बेचैनी दाटते, पूरिया मंद्र सप्तकात खोल उतरतो आणि सोहनी तार षड्जाभोवती चमकत राहतो. सोहनीची बंदिश द्रुत लयीत रंगते. तीच ठाय, म्हणजे संथ, लयीत ओढली तर तिचे पाणी उतरते. दरबारी आणि अडाणा यांतही हाच फरक: एकाचे वजन मंद्रात आणि आंदोलित गंधारात, दुसऱ्याची चपळाई उत्तरांगात. भाव एकट्या रागावर किंवा एकट्या लयीवर ठरत नाही, तो दोहोंच्या मेळातून उमटतो. विसाव्या शतकातील माळव्याने हे सूत्र छोट्या रचनेत कसोशीने पारखले.

या प्रदेशातील संगीताला मराठी राजवटींचा आधार होता. शिंद्यांची राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला १८१० मध्ये गेली; इंदूर होळकरांचे, देवास पवारांचे. उज्जैनपासून देवास आणि इंदूर ही दोन्ही शहरे दीड-दोन तासांच्या आत गाठता येतात. एवढ्या छोट्या परिसरात ख्यालाच्या लयीविषयी अगदी भिन्न विचार नांदले.

पायाभूत शिस्त ग्वाल्हेरची. तिथे मोठा ख्याल तिलवाड्यासारख्या तालात, फार न रेंगाळता गायला जाई आणि त्यापाठोपाठ छोटा ख्याल येई. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात रुजवली. ग्वाल्हेरला १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले, संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांतून बंदिशी स्वरलिपीसह छापल्या गेल्या आणि छोटा ख्याल शिक्षणाचे मुख्य साधन ठरला. त्याच काळात ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मिळत. त्या मर्यादेत द्रुत बंदिशीला आपसूक महत्त्व आले.

इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) विरुद्ध टोकाला गेले. १४ मात्रांच्या झूमऱ्याची लय त्यांनी इतकी मंद केली की एका आवर्तनाला जवळपास मिनिट लागे. त्या संथ विस्तारानंतर येणारी द्रुत बंदिश किंवा तराणा ताण मोकळा करी. देवासचे रजब अली खाँ यांची ख्याती याउलट तानेच्या वेगासाठी आणि पेचांसाठी होती.

गायक कुमार गंधर्व ३० जानेवारी १९४८ रोजी देवासला आले ते क्षयाच्या आजारामुळे, कोरड्या हवेसाठी. पुढची काही वर्षे गाणे बंद होते. स्ट्रेप्टोमायसिनने आजार आटोक्यात आला आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. श्वासाची मर्यादा होतीच. मोजक्या, ठाशीव स्वराकृती आणि त्यांमधले अर्थपूर्ण विराम हे त्यांच्या गाण्याचे लक्षण बनले. अंथरुणावरून ऐकलेल्या माळवी लोकगीतांनी त्यांना दुसरी दिशा दिली. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या या धुना भावाला थेट हात घालतात, हे त्यांनी हेरले. त्या धुनांतून मालवती, सहेली तोडी, संजारी, लगनगंधार यांसारखे 'धुनउगम' राग निघाले.

यातून छोट्या ख्यालाचे स्थान बदलले. मोठ्या ख्यालाचे शेपूट म्हणून तो घाईने उरकण्याची रीत कुमारांनी मानली नाही. प्रत्येक बंदिशीची स्वतःची लय असते, ती शब्दांच्या उच्चारातून आणि आशयातून शोधायची, ही त्यांची धारणा. म्हणून त्यांच्या मध्यलयीतल्या रचनाही स्वयंपूर्ण वाटतात. मधसूरजा या दुपारच्या रागातील त्यांच्या बंदिशीत बळी दिल्या जाणाऱ्या बकऱ्याची आर्त हाक आहे. ख्यालाच्या नेहमीच्या विषयांत असा प्रसंग सहसा सापडत नाही. 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' या कार्यक्रमांत ऋतू हेच सूत्र धरून छोट्या रचना एकत्र गुंफल्या गेल्या. त्यांच्या बंदिशींच्या 'अनूपरागविलास' या संग्रहाचा पहिला भाग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या स्वरलिपीत उपलब्ध झाल्या.

कुमार गंधर्वांचे निधन १२ जानेवारी १९९२ रोजी झाले. 'अनूपरागविलास'चा दुसरा भाग त्यानंतर आला. वसुंधरा कोमकली, मुकुल शिवपुत्र, कलापिनी कोमकली, भुवनेश कोमकली आणि सत्यशील देशपांडे यांनी हा विचार आपापल्या गळ्याने पुढे नेला. स्वरलिपीत बंदिशीचे स्वर आणि मात्रा टिकतात. तिची नेमकी लय मात्र गायनातूनच कळते. त्यामुळे माळव्याच्या या वारशाचे जतन पुस्तकाइतकेच ध्वनिमुद्रणांवर आणि गुरूसमोर बसून घेतलेल्या तालमीवर अवलंबून आहे.